हजार थ्रेड काउंटची चादर आधी वजनकाट्यावर ठेवा

सणासुदीचा सेल लागला की मोबाइलवर चादरींच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. ‘किंग साइज, १२०० टीसी, लक्झरी कॉटन फील, हॉटेल क्वालिटी, दोन अभ्र्यांसह, फक्त ५९९ रुपये.’ त्याच पानावर जरा खाली दुसरी चादर असते : ३०० टीसी, किंमत २,२०० रुपये. टीसी म्हणजे थ्रेड काउंट. चौपट आकड्याची चादर पावपट किमतीत कशी मिळते, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्या पहिल्या जाहिरातीतल्या दाव्यांपैकी डोळे मिटून मान्य करावा असा एकच आहे, तो म्हणजे दोन अभ्रे.

चादरीच्या पाकिटावर सर्वांत ठळक छापलेला हा आकडा निवड करताना सर्वांत कमी उपयोगाचा असतो. गंमत अशी की तो खरा की फुगवलेला, हे घरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासता येते. त्याआधी सूत आणि वीण यांची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

## दोन ‘काउंट’, दोन वेगळ्या गोष्टी

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, त्यांच्यामधून आडवे जाणारे धागे म्हणजे बाणा. एक इंच लांब आणि एक इंच रुंद चौकोनात उभे-आडवे मिळून जितके धागे, तितका थ्रेड काउंट. ११० उभे आणि ९० आडवे असतील तर २००. कापड किती दाट विणले आहे, एवढेच हा आकडा सांगतो. धागा कापसाचा की पॉलिएस्टरचा, लांब तंतूंचा की कचरा सुताचा, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

दुसरा काउंट सुताचा. इचलकरंजीचा किंवा मालेगावचा यंत्रमागवाला ‘चाळीसचं सूत’, ‘साठचं सूत’ म्हणतो, तो हा. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात तितका त्या सुताचा नंबर. नंबर वाढला की सूत बारीक होते. मेट्रिक मापात सांगायचे तर ४० नंबरच्या एका ग्रॅम सुतात साधारण ६८ मीटर धागा असतो, ८० नंबरच्या एका ग्रॅममध्ये १३५ मीटर. दुकानदार नुसते ‘काउंट’ म्हणाला तर कोणता, हे विचारून घ्यावे. कधी कधी त्यालाही ते माहीत नसते, आणि तेवढ्यावरूनही दुकानाचा अंदाज येतो.

या दोन आकड्यांचे एकमेकांशी नाते आहे. जाड सूत इंचात कमी मावते, बारीक सूत जास्त. ४० नंबरच्या सुताने साधी वीण घेतली तर दोन्ही दिशा मिळून १८० ते २०० च्या आसपास जागा संपते. ६० नंबरच्या सुताने २५० ते ३०० पर्यंत जाता येते. ८० ते १०० नंबरचे तलम सूत घेऊन वीण सॅटिनची (तिची ओळख पुढे येईल) ठेवली तर ४००, फार रेटले तर ५०० च्या घरात पोचता येते. त्यापुढे इंच मोठा करता येत नाही.

## मग हजार-बाराशे येतात कुठून?

एक वाट पेड मोजण्याची. दोन बारीक धागे एकमेकांना पीळ देऊन एक धागा केला, तर तो दोन पेडी धागा. तीन पेडांची वेणी घातली म्हणून तिला कोणी तीन वेण्या म्हणत नाही. पण चादरीच्या धंद्यात दोन पेडी सुताचे ३०० धागे बिनदिक्कत ६०० म्हणून विकले जातात. अमेरिकेत हा वाद फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेपर्यंत गेला होता. पेड सुटे मोजून फुगवलेला आकडा ग्राहकाची दिशाभूल करू शकतो, ‘३०० थ्रेड काउंट, दोन पेडी सूत’ असे लिहावे, असे मत कमिशनच्या कर्मचाऱ्यांनी २००५ मध्ये कळवले. त्यानंतर दोन दशके उलटली तरी फुगवलेले आकडे बाजारात आहेतच.

दुसरी वाट जरा कसबाची. मागावर ताण्याच्या धाग्यांत दर वेळी एक फट उघडते आणि तिच्यातून एक आडवा धागा जातो. त्याऐवजी एकाच फटीतून तीन-चार अतिबारीक धागे एकदम टाकायचे. मोजायला बसले तर धागे खरोखर भरतात. पण ते शेजारी शेजारी नुसते पडलेले असतात, मध्ये ताण्याने एकेकाला धरलेले नसते. असे कापड दुकानात लोण्यासारखे मऊ लागते. घरी आल्यावर मात्र नखात, जोडव्यात किंवा बांगडीत अडकून त्याचा धागा ओढला जातो.

तिसरी वाट सगळ्यांत सोपी : पाकिटावर छापून टाकायचे. मोजायला कोण येतो?

## वजनकाट्याचा हिशेब

कापडाच्या एक चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम. धागे किती आणि ते किती जाड, यावरूनच कापडाचे वजन ठरते. त्यामुळे तीन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. सुती कापडासाठी ढोबळ सूत्र असे :

जीएसएम = थ्रेड काउंट ÷ सुताचा नंबर × २५

यातला २५ हा आकडा वार-पौंडांचे मीटर-ग्रॅम करताना येतो. विणीत धागा नागमोडी जात असल्याने तो थोडा जास्त लागतो, ती भरही त्यात धरली आहे. आता ४० नंबरच्या सुताचे २०० धागे, ६० चे ३०० किंवा ८० चे ४०० घेऊन पाहा. तिन्ही ठिकाणी उत्तर १२५ येते. प्रामाणिक सुती चादर साधारण १०५ ते १५० जीएसएमच्या पट्ट्यात का असते, ते यावरून कळेल. सूत बारीक करत गेले तर धागे वाढतात, पण कापडाचे वजन फारसे हलत नाही.

किंग चादर १०८ बाय १०८ इंच, म्हणजे २.७४ मीटर बाय २.७४ मीटर, क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर. अभ्रे बाजूला काढा, चादर घडी करून काट्यावर ठेवा. ९०० ग्रॅम भरली तर ९०० ÷ ७.५ = १२० जीएसएम. आता सूत्र उलटे फिरवा. १२० जीएसएमच्या चादरीत ६० चे सूत असेल तर थ्रेड काउंट २८८ च्या आसपास, ८० चे असेल तर ३८४ आणि १०० चे असेल तर ४८०. चादरींसाठी शंभर-एकशेवीसच्या पलीकडचे सुती सूत सहसा कोणी वापरत नाही. म्हणजे ९०० ग्रॅमच्या सुती किंग चादरीवर ‘१०००’ छापले असेल तर तो आकडा खोटा, नाहीतर ‘सुती’ हा शब्द खोटा.

तीच १२०० टीसीची चादर खरोखर १०० नंबरच्या सुतात विणली तर ३०० जीएसएमची होईल, एकट्या चादरीचे वजन सव्वादोन किलो. अभ्रे धरून अडीच किलोच्या पुढे. ती बादलीत पिळून दोरीवर टाकायला माणसे दोन लागतील, आणि मुंबईच्या मे महिन्यात तिच्यावर झोपण्याची शिक्षा कुणाला द्यावी, हा वेगळाच प्रश्न.

वजन फार कमी भरले तरी सावध व्हावे. किंग चादर ६०० ग्रॅमच्या खाली असेल तर ती ८० जीएसएमलाही पोचत नाही. असे सुती कापड विरळच असणार. खांदे आणि कंबर टेकतात तिथे ते आधी झिरझिरीत होते आणि मग फाटते.

हा हिशेब दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, कारण नव्या कापडात खळ आणि मऊपणाचे रसायन असते. एकदा धुऊन, पूर्ण वाळवून केलेले वजन जास्त विश्वासाचे. दुकानात उभे राहून वजन करता येत नाही हे खरे. पण ऑनलाइन वस्तूच्या तपशिलात पार्सलचे वजन बहुधा दिलेले असते, आणि ते छापताना विक्रेता आकडा फुगवत नाही, कारण कुरिअरचे पैसे वजनावर लागतात.

शंका उरलीच तर मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा आणि शाळेची पट्टी पुरते. पट्टी कापडावर ठेवून फोटो काढा, अर्ध्या सेंटिमीटरमधले धागे एकदा उभे आणि एकदा आडवे मोजा, बेरजेला पाचने गुणा. (इंचासाठी काटेकोर गुणक ५.०८ आहे, पाच चालतो.) ३०० च्या चादरीत दोन्ही मिळून साठेक धागे दिसायला हवेत.

## आकडा खरा निघाला, तरी चादर चांगली असेलच का?

नाही. कारण त्याहून महत्त्वाची गोष्ट सुताच्या आत आहे : कापसाच्या तंतूची लांबी. माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कापसाच्या अशाच गुणांचा अभ्यास करत आली आहे. विदर्भ-मराठवाड्यातला बहुतेक कापूस २८ ते ३० मिलिमीटर तंतूचा असतो; चांगल्या रोजच्या चादरीला तो पुरेसा आहे. तमिळनाडूत होणारा सुविन हा आपला अतिलांब तंतूचा वाण, इजिप्तच्या किंवा अमेरिकेच्या नावाजलेल्या कापसाच्या पंक्तीत बसणारा. त्याचे पीक थोडे, म्हणून भाव चढा.

लांबीने फरक कसा पडतो? सूत म्हणजे पीळ देऊन एकत्र धरलेले तंतू. तंतू आखूड असले की जास्त टोके बाहेर येतात. अंगाच्या घर्षणाने ती टोके वळून त्यांचे गोळे होतात. निव्वळ सुती कापडात हे गोळे काही धुण्यांत तुटून जातात. पॉलिएस्टरमिश्रित कापडात मात्र पॉलिएस्टरचा चिवट तंतू गोळ्याला धरून ठेवतो, म्हणून मिश्र चादरीवरचे गोळे वर्षभर जात नाहीत. ‘कॉटन असून गोळे आले’ अशी तक्रार ऐकू आली की आधी त्यात पॉलिएस्टर आहे का, हे तपासावे.

आखूड तंतू विंचरून काढून टाकण्याची प्रक्रिया म्हणजे कोंबिंग. त्यात कापसाचा दहा ते वीस टक्के भाग बाजूला पडतो, म्हणून कोंब्ड सूत महाग. कोंबिंग न करता नुसते पिंजून काढलेले कार्डेड सूत त्यापेक्षा स्वस्त आणि केसाळ. लेबलावर ‘कोंब्ड’ हा शब्द दिसला, शिवाय सूत एकपदरी आहे असे लिहिले असेल, तर त्या दोन शब्दांना थ्रेड काउंटपेक्षा जास्त मान द्यावा. २५० चे कोंब्ड कापड ४०० च्या कार्डेड कापडापेक्षा कितीतरी जास्त टिकते.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी घरातली सोलापुरी चादर उलगडून बघावी. जाड सूत, नक्षी मागावरच उमटवणारी जॅकार्डची वीण, दोन्ही बाजूंनी उलटसुलट रंगात दिसणारी नक्षी, भौगोलिक मानांकन, आणि थ्रेड काउंट म्हणाल तर बाजाराच्या भाषेत ‘भिकार’. तरी ती वर्षानुवर्षे धुतली जाते, प्रवासात अंथरली जाते आणि थंडीत पांघरली जाते. गादीवर रोज घालायला ती खरखरीत आणि सुकायला जड आहे, हेही तितकेच खरे. तिचे काम वेगळे.

## पर्केल की सॅटिन?

साधी वीण म्हणजे आडवा धागा एका उभ्या धाग्याच्या वर, पुढच्याच्या खाली, पुन्हा वर. तीच बारीक, दाट सुतात घेतली की तिला पर्केल म्हणतात. पोत कोरा करकरीत, चमक नाही, हवा खेळती. दर धाग्याला पकड असल्याने टिकाऊ. चुण्या मात्र पडतात.

सॅटिनच्या विणीत एक धागा तीन-चार धाग्यांवरून मोकळा जातो आणि मग एकाखाली शिरतो. पृष्ठभागावर धाग्यांची लांब मोकळी अंगे राहतात, म्हणून स्पर्श गुळगुळीत आणि चमक मंद. याच मोकळ्या अंगांमुळे धागा अडकून ओढला जाण्याची भीती जास्त, आणि घाम येणाऱ्याला हे कापड थोडे उबदार वाटते. तिरक्या रेघांची ट्विल वीण या दोघींच्या मध्ये बसते.

कोकणपट्टी, मुंबई, गोवा, उन्हाळ्यातले नागपूर-अकोला : इथे २०० ते ३०० ची पर्केल घ्यावी, फार विचार करू नये. ज्यांच्या खोलीत रात्रभर एसी चालतो किंवा ज्यांच्याकडे खरी थंडी पडते, त्यांनी ३०० ते ४०० चे कॉटन सॅटिन घ्यायला हरकत नाही. दुकानात नुसते ‘सॅटिन’ म्हटले तर बहुधा चकचकीत पॉलिएस्टरचे पुढे येते. ‘कॉटन सॅटिन’ असेच मागावे आणि लेबलावर टक्केवारी वाचावी.

## ‘पण हॉटेलातली चादर तर मखमलीसारखी असते!’

हॉटेलातली चादर बहुतेक वेळा २०० ते ३०० थ्रेड काउंटचीच असते, कधी निव्वळ सुती, कधी टिकण्यासाठी थोडे पॉलिएस्टर मिसळलेली. तिची जादू धुलाईत आहे : गरम पाणी, शेवटच्या पाण्यापर्यंत साबण काढून टाकणे, आणि तापलेल्या मोठ्या रोलरखालून केलेली इस्त्री. शिवाय ती गादीखाली खोल खोचून ताठ ताणलेली असते. घरची पर्केल थोडी ओलसर असतानाच इस्त्री केली तर तोच पोत येतो. रोज कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. पाहुणे यायचे असतील तेव्हा करावी.

## कॉटन, कॉटन फील आणि ग्लेस कॉटन

‘कॉटन फील’, ‘कॉटन टच’, ‘सुपर सॉफ्ट कॉटन ब्लेंड’ यांत कॉटन हा शब्द विशेषणापुरता असतो. बाजारात खपणारे ‘ग्लेस कॉटन’ही बहुधा पॉलिएस्टरचेच किंवा पॉलिएस्टरप्रधान मिश्रण असते. मायक्रोफायबर म्हणजे अतिबारीक पॉलिएस्टर तंतूंचे कापड; त्याला थ्रेड काउंट लावण्यात काही अर्थच नाही.

शरीराला फरक जाणवतो तो ओलाव्याचा. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. रात्रीचा घाम सुती चादर शोषते. पॉलिएस्टरवर तो त्वचा आणि कापड यांच्यामध्येच राहतो, म्हणून चिकट वाटते.

तरीही पॉलिएस्टरला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. जुलै महिन्यात रत्नागिरीत सुती चादर दोन-दोन दिवस सुकत नाही आणि तिला कुबट वास येतो. मिश्र चादर रात्रीत सुकते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला इस्त्री आणि वाळत घालण्याची जागा दोन्ही नसतात. अशा ठिकाणी निम्मे-निम्मे मिश्रण जाणूनबुजून घ्यावे, तिथे तो शहाणपणा आहे. फक्त कापसाच्या भावाने घेऊ नये.

घरी खात्री करायची तर शिवणीच्या आतून एक-दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर किंवा स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. कापूस भरकन पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो, बोटांनी चुरली जाणारी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर आक्रसून वितळते, काळा धूर येतो आणि थंड झाल्यावर टणक काळा मणी उरतो. राख आणि मणी दोन्ही दिसले तर मिश्रण. ताण्याचा आणि बाण्याचा धागा वेगवेगळा जाळावा, कारण काही कापडांत उभे धागे एका प्रकारचे आणि आडवे दुसऱ्या प्रकारचे असतात.

पाण्याचा थेंब टाकून पाहण्याची युक्ती नव्या कापडावर फसते. सुती कापडावरही सिलिकॉनचा थर असेल तर थेंब मोत्यासारखा बसून राहतो. ती परीक्षा दोन धुण्यांनंतर घ्यावी.

सध्या जोरात असलेली ‘बांबूची चादर’ म्हणजे बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेले व्हिस्कोज. ते मऊ आणि थंड लागते, घामही छान शोषते. अडचण धुण्यात आहे : ओले झाल्यावर कापूस आणखी मजबूत होतो, तर साधे व्हिस्कोज जवळपास निम्मी ताकद गमावते. पिळे भरून, आपटून धुण्याची सवय असलेल्या घरात ते टिकत नाही.

## ‘इजिप्शियन कॉटन’ लिहिले आहे, मग?

लिहिलेले असणे आणि असणे यांत अंतर असू शकते, याचे गाजलेले उदाहरण आपल्याच देशाशी जोडलेले आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने वेलस्पन इंडिया या पुरवठादाराशी व्यवहार तोडत असल्याचे जाहीर केले. ऑगस्ट २०१४ ते जुलै २०१६ या काळात इजिप्शियन म्हणून पुरवलेल्या चादरींत दुसराच कापूस वापरला गेल्याचे आपल्या तपासात आढळले, असे टार्गेटने सांगितले. सुमारे साडेसात लाख चादरी-अभ्र्यांचा तो मामला होता. एवढ्या मोठ्या खरेदीदाराला हे कळायला दोन वर्षे लागली, तर गल्लीतल्या दुकानात ९९९ रुपयांच्या पाकिटावरच्या त्याच शब्दांना किती किंमत द्यायची, ते ठरवा. शिवाय इजिप्तमध्ये पिकणारा सगळाच कापूस अतिलांब तंतूचा नसतो.

‘ओएको-टेक्स’चा शिक्का असेल तर तो चांगलाच. पण तो कापडात घातक रसायने मर्यादेच्या आत असल्याचे सांगतो. टिकाऊपणा किंवा मऊपणाशी त्याचा संबंध नाही.

## मापात चुकले की सगळे चुकले

महागातली चादर सकाळी गोळा होऊन पायथ्याशी सापडते, त्याचे कारण बहुधा माप. दुकानातले ‘डबल’, ‘क्वीन’, ‘किंग’ हे शब्द प्रत्येक कंपनी थोडे वेगळे वापरते, म्हणून इंच वाचावेत. हिशेब असा : गादीची रुंदी, अधिक जाडीची दुप्पट, अधिक दोन्ही बाजूंना खोचायला किमान सहा-सहा इंच. लांबीलाही हाच नियम.

७२ इंच रुंद आणि ८ इंच जाड गादी घ्या. ७२ आणि १६ मिळून ८८ झाले. तिच्यावर ९० बाय १०० ची डबल चादर घातली तर खोचायला बाजूला एकेक इंच उरतो, ती निघणारच. १०८ ची घातली तर दहा-दहा इंच उरतात. पण गादी १२ इंच जाड असेल तर त्याच १०८ मधले सहा-सहाच हाती लागतात. जुन्या ४-५ इंची कापसाच्या गादीवर जे माप पुरायचे ते आजच्या स्प्रिंगच्या गादीवर पुरत नाही.

त्यात कापड आटते ते वेगळेच. सुती चादर पहिल्या काही धुण्यांत तीन ते पाच टक्के आटू शकते, म्हणजे १०८ इंचांत तीन ते साडेपाच इंच. वरच्या हिशेबात ही तूट आधीच धरावी.

इलास्टिकची चादर घेताना खोली गादीच्या जाडीपेक्षा दोन-तीन इंच जास्त हवी. इलास्टिक चारही बाजूंनी फिरवलेले घ्यावे. नुसत्या चार कोपऱ्यांत असेल तर मधली बाजू सुटते. गरम पाण्याने आणि ड्रायरने चादरीआधी इलास्टिक मरते, हे लक्षात असू द्यावे.

कापडाचा पन्हा कमी असला की दोन पट्ट्या जोडून मोठी चादर शिवतात. जोड पाठीखाली टोचतो आणि आधी तिथेच उसवते. पूर्ण उलगडून दाखवल्याशिवाय किंग चादर घेऊ नये. उलगडलेली असतानाच ती उजेडासमोर धरावी. वीण सगळीकडे सारखी दाट दिसली पाहिजे, ढगांसारखे विरळ पट्टे नकोत. नंतर एक कोपरा दोन्ही मुठींत धरून जोरात चोळावा. पांढरी पूड उडाली तर दाटपणा विणीचा नसून खळीचा आहे.

## रंग आणि छपाई

छापील चादरीत पिगमेंट आणि रिअॅक्टिव्ह अशा दोन मुख्य पद्धती भेटतात. पिगमेंट छपाईत रंग चिकट द्रव्याने धाग्यावर बसवलेला असतो. छापलेल्या आणि कोऱ्या भागावरून डोळे मिटून बोट फिरवले तर छापलेला भाग कडक लागतो. घर्षणाने तो फिकटतो, विशेषतः गडद रंगात. रिअॅक्टिव्ह रंग कापसाशी रासायनिक बंध करतो. वाफ आणि भरपूर धुलाई लागत असल्याने तो महाग पडतो, पण पोत मऊ राहतो आणि रंग टिकतो. ओल्या पांढऱ्या रुमालाने गडद भाग वीसेक वेळा घासावा. रुमालावर फिकट छटा आली तर चालेल, ठसठशीत डाग उतरला तर ती चादर परत द्यावी.

रंग पक्का करायला चादर मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. रंगाई करताना मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते हे खरे, पण बंध जुळायला त्यासोबत अल्कली लागते आणि ते काम कारखान्यात झालेले असते. तयार चादरीतला सुटा रंग मिठाने पक्का होत नाही. साध्या पाण्यात दोन-तीनदा वेगळी धुऊन तो काढून टाकावा लागतो.

## पहिली धुलाई

नवी चादर वापरण्याआधी रात्रभर साध्या थंड पाण्यात भिजवावी म्हणजे खळ सुटते. मग सौम्य साबणाने, कोमट पाण्यात धुवावी. सॉफ्टनर घालू नये. तो धाग्यांवर थर चढवतो आणि कापडाची घाम शोषण्याची ताकद कमी करतो. क्लोरीनचा ब्लीच पांढऱ्या चादरीलाही वारंवार दिला तर तंतू ठिसूळ होतो आणि मग कापड शिवणीच्या कडेने फाटते.

दुकानात फार मऊ लागलेली चादर इथे खरे रूप दाखवते. सिलिकॉनचा मऊपणा असेल तर तो तीन-चार धुण्यांत ओसरतो. चांगली पर्केल याच्या उलट वागते : आणताना कडक वाटते आणि दहाव्या धुण्यापर्यंत मऊसूत होत जाते.

धुण्यापूर्वी चादरीची लांबी-रुंदी टेपने मोजून बिलाच्या मागे लिहून ठेवावी, आणि तीन धुण्यांनंतर पुन्हा मोजावी. १०८ ची १०३ पर्यंत आली तर ते कापसाच्या स्वभावात बसते. १०० च्या खाली गेली तर कापड आटवून न घेता शिवले आहे. ते बिल घेऊन दुकानात जायला हरकत नाही, आणि त्या कंपनीची दुसरी चादर मात्र घेऊ नये.